चांद्याचे लोखंड आणि अपोलो बंदरावरचा घुमट

गेल्या हिवाळ्यात महाविद्यालयाच्या सहलीबरोबर मी प्रथमच मुंबईला गेलो. गेटवे ऑफ इंडियाजवळ बस थांबली तेव्हा आमच्या वर्गातील सर्व मुलेमुली समुद्राकडे धावली. मी मात्र समुद्राला पाठ करून उभा राहिलो. समोर ताजमहाल हॉटेलची ती प्रचंड इमारत होती. तिचा लाल घुमट, सज्जे आणि कमानी पाहत मी इतका वेळ उभा होतो की, आमच्या सरांना मी हरवलो असेच वाटले. आत जाण्याची काही आमची ऐपत नव्हती आणि तसा विचारही मनात नव्हता. मी पाहत होतो तो एका माणसाची खूण म्हणून.

त्याचे कारण असे. ग्रंथालयात जमशेटजी टाटांचे एक जुने चरित्र माझ्या हाती आले होते. मोठ्या माणसांची चरित्रे आपण परीक्षेपुरती वाचतो, तसेच तेही चाळत होतो. मध्येच एका पानावर चांदा जिल्ह्याचे नाव दिसले आणि मी दचकलो. माझे गाव सूरजागडच्या डोंगराजवळचे. आज ते गडचिरोली जिल्ह्यात असले तरी १९८२ साली जिल्हा वेगळा होईपर्यंत आम्ही सारे चांद्याचेच. आमच्या रानातल्या लोखंडावर ज्या माणसाने बावीस वर्षे मन लावले, तोच माणूस मुंबईला राजवाड्यासारखे हॉटेल बांधतो, या दोन गोष्टींचा मेळ मला बसेना. तो बसवण्याचा हा प्रयत्न आहे. वाचकांनी तो गोड मानून घ्यावा.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेतील नवसारी येथे झाला. घराणे पारशी धर्मगुरूंचे. पिढ्यान् पिढ्या अग्निमंदिरातील धर्मकार्य करावे आणि त्यावर निर्वाह करावा, ही रीत. ती मोडून त्यांचे वडील नसरवानजी व्यापारासाठी मुंबईला आले. मुलालाही त्यांनी वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास तेथे बोलावून घेतले आणि एल्फिन्स्टनमध्ये घातले. १८५८ साली जमशेटजींचे शिक्षण पुरे झाले. घराण्यात यापूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नव्हते, हे वाचून मला उगाचच बरे वाटले. आमच्याही घरात ती पायरी चढणारा मी पहिलाच. तेवढेच काय ते साम्य!

पुढची दहा वर्षे चढउताराची गेली. हाँगकाँग झाले, विलायत झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ साली युद्ध संपताच तो बाजार कोसळला आणि अनेक घराण्यांबरोबर टाटांचेही घर अडचणीत आले. या पडझडीतून सावरून १८६८ साली त्यांनी २१,००० रुपये भांडवलावर स्वतःची पेढी काढली. चिंचपोकळीची एक बुडालेली तेलाची गिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली, चालवली आणि नफ्याने विकली. या भागावर चरित्रकार पुष्कळ लिहितात. मला त्यात विशेष रस वाटला नाही.

खरी गोष्ट सुरू होते ती नागपूरला. त्या काळी कापडगिरणी म्हणजे मुंबई, असे समीकरण होते. जमशेटजींनी विचार केला की, कापूस पिकतो वऱ्हाड-नागपूरकडे, मग तो मुंबईला वाहून का न्यावा? नागपूर स्टेशनाजवळची दलदलीची जागा त्यांनी घेतली. तिच्यात भर घालण्यासाठी पैसा ओतला जात होता तेव्हा एका सावकाराने भांडवल देण्याचे नाकारले. हा गृहस्थ जमिनीत सोने पुरतो आहे, असे त्याचे मत पडले. पुढे त्याला ते मत बदलावे लागले, असे सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. म्हणून तिचे नाव एम्प्रेस मिल. रेल्वेच्या नोकरीतून आलेले बेझनजी दादाभाई तिचे व्यवस्थापक झाले. नव्या रिंग चात्या तेथे फार लवकर आल्या. हवा थंड व दमट ठेवण्याची सोय झाली. १८८६ साली कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली. हे सारे कायद्याने भाग पाडण्याच्या कितीतरी आधी झाले, हे लक्षात घेतले पाहिजे.

नागपूरला असतानाच, १८८२ साली, त्यांच्या वाचनात एक सरकारी अहवाल आला. रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयी तो लिहिला होता. लोहारा येथील खनिज उत्तम आहे आणि वरोऱ्याला सरकारी कोळशाची खाण जवळच आहे, असा त्याचा रोख होता. जमशेटजी त्या वेळी त्रेचाळीस वर्षांचे होते. तेव्हापासून लोखंडाच्या कारखान्याचा ध्यास त्यांना लागला तो मरेपर्यंत सुटला नाही. वरोऱ्याचा कोळसा त्यांनी जर्मनीत तपासून घेतला. तो भट्टीच्या कामाचा निघाला नाही. सरकारचे खाणीविषयीचे नियमही इतके जाचक होते की, तो विचार त्यांना बाजूला ठेवावा लागला. पण टाकून मात्र दिला नाही.

आता हॉटेलाकडे येतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसे शहर सोडून पळाली, व्यापार बसला, मुंबईच्या नावाची जगात धास्ती पडली. त्यानंतर थोड्याच काळाने, १८९८ साली, जमशेटजींनी अपोलो बंदरावर समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर हॉटेल बांधण्याचा बेत केला. मुलांशी किंवा भागीदारांशी फारशी चर्चाही केली नाही. पैसा कंपनीचा नव्हे, स्वतःचा घातला. एका गोऱ्यांच्या हॉटेलात त्यांना हिंदी म्हणून प्रवेश नाकारला आणि त्या रागाने त्यांनी हे हॉटेल बांधले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. ऐकायला ती फार छान वाटते. आमच्या बसमध्येही ती सांगितली गेली. परंतु तिला भक्कम पुरावा नाही. प्लेगाने खचलेल्या आपल्या शहराची पत पुन्हा उभी करावी, परदेशच्या लोकांना येथे यावेसे वाटावे, हे कारण मला अधिक खरे वाटते. रागाने माणूस एखादी भिंत बांधील, पण घुमट बांधणार नाही!

घरातून मात्र या बेताला विरोधच झाला. त्याच काळात ते विज्ञानाच्या संस्थेसाठी आपल्या संपत्तीचा मोठा वाटा देऊ करीत होते आणि लोखंडाच्या कारखान्याची स्वप्ने पाहत होते. अशा माणसाने शेवटी भटारखाना काढावा, याचे त्यांच्या बहिणीला हसू आले आणि दुःखही झाले, असे चरित्रात आहे. बहिणीचे हे बोलणे वाचून मला आमच्या घरची आठवण झाली. मोठ्या बेतांवर पहिले पाणी घरचेच लोक ओततात.

इमारतीचा आराखडा करणाऱ्यांत एक मराठी नाव आहे, ते आपण विसरता कामा नये. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि त्यांचे सहकारी मिर्झा यांनी हा आराखडा केला. पूर्वी त्यांनी बोरीबंदरचे स्टेशन उभारणाऱ्या स्टीव्हन्स यांच्या हाताखाली काम केलेले होते. वैद्य १९०० साली, काम पुरे होण्याआधीच वारले. पुढे चेंबर्स नावाच्या इंग्रजाने ते तडीस नेले. हॉटेल चुकून उलटे बांधले गेले आणि त्या धक्क्याने शिल्पकाराने जीव दिला, अशी एक दंतकथा आहे. ती साफ खोटी आहे. प्रवेश शहराच्या बाजूने होता, तो मुद्दामच. समुद्राचा वारा गाड्यांच्या वर्दळीला न मिळता खोल्यांना मिळावा, असा त्यात विचार होता. बिचाऱ्या वैद्यांचे नाव कोणाला ठाऊक नाही आणि त्यांच्या नावावर खपवलेली आत्महत्या मात्र सर्वांना ठाऊक आहे!

सामान जमशेटजींनी स्वतः हिंडून घेतले. विजेची यंत्रे जर्मनीहून आली, पंखे अमेरिकेहून आले. पॅरिसहून लोखंडाचे दहा खांब आणले. कपडे धुण्याची यंत्रे, भांडी धुण्याची यंत्रे, एवढेच काय, सोडावॉटर तयार करण्याचा कारखानाही हॉटेलात होता. १६ डिसेंबर १९०३ रोजी अवघ्या सतरा पाहुण्यांनिशी ते उघडले. बांधकाम अजून पुरे व्हायचेच होते. खर्च पंचवीस लाखांच्या घरात गेला होता. खोलीचे भाडे रोजचे १० रुपये. पंखा आणि न्हाणीघर असेल तर १३. समोर गेटवेची कमान नव्हती. तिची पायाभरणी १९११ साली झाली आणि ती पुरी झाली १९२४ साली. म्हणजे आज आपण ज्या कमानीत उभे राहून हॉटेल पाहतो, ती हॉटेलापेक्षा वीस वर्षांनी धाकटी आहे.

मुंबईत दिव्यांचा हा झगमगाट चालू होता त्याच सुमारास जमशेटजींची दुसरी स्वारी आमच्या रानात उतरली. कर्झन साहेबाच्या कारकिर्दीत १८९९ साली खाणीचे नियम सैल झाले. साठी ओलांडलेले जमशेटजी १९०२ साली अमेरिकेला जाऊन पिट्सबर्ग, क्लीव्हलंडचे कारखाने पाहून आले आणि पेरिन या तज्ज्ञाला त्यांनी कामाला लावले. त्याचा सहकारी वेल्ड, जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी आणि भाचे शापुरजी सकलातवाला असे तिघे १९०४ साली चांदा जिल्ह्यात हिंडले. हे सकलातवाला पुढे कम्युनिस्ट झाले आणि १९२२ साली ब्रिटिश पार्लमेंटात निवडून आले, हेही एक नवलच. प्रवास बैलगाडीने, ऊन चांद्याचे, रान वाघांचे. पाणी मिळेना तेव्हा सोड्याच्या बाटल्या फोडून त्यात चहा उकळल्याचे मी वाचले आहे. मुंबईच्या हॉटेलात सोडा तयार होत होता आणि मालकाचा मुलगा रानात त्याचा चहा करीत होता! आमच्याकडे उन्हाळ्यात झऱ्याचे वाळू उकरून पाणी काढतात, ते त्यांना कोणी दाखवले नसेल काय, असे मला राहून राहून वाटते.

एवढे करून निष्कर्ष निराशेचा निघाला. लोहाऱ्याचे खनिज चांगले, पण विखुरलेले. मोठा कारखाना चालवण्याइतके ते नाही आणि कोळसाही साथ देत नाही. चांद्याचा नाद सोडतो आहोत, हे कळवण्यासाठी दोराबजी नागपूरला सचिवालयात गेले. तेथे वाट पाहायला लागली म्हणून समोरच्या म्युझियममध्ये, म्हणजे आपल्या अजबबंगल्यात, ते सहज शिरले. भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भाचा नकाशा होता. त्यात दुर्ग जिल्ह्यावर लोखंडाची खूण म्हणून गडद रंग भरलेला दिसला. पुढे ज्यांनी हा नकाशा केला त्या प्रमथनाथ बोस यांनीच मयूरभंजच्या डोंगरांकडे बोट दाखवले आणि साकची या खेड्यात कारखाना उभा राहिला. १९१२ साली तेथे पहिले पोलाद निघाले. १९१९ साली त्या गावाचे नाव जमशेदपूर झाले. जमशेटजींनी यातले काहीही पाहिले नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचा अंत झाला होता आणि इंग्लंडात ब्रुकवुड येथे त्यांचे दफन झाले. विज्ञान संस्था बंगलोरला १९११ साली सुरू झाली, खोपोलीची वीज १९१५ साली आली. डोळ्यांनी पुरे होताना पाहिले असे मोठे काम म्हणजे नागपूरची गिरणी आणि जवळजवळ पुरे झालेले ते हॉटेल, एवढीच.

या दोन वास्तूंचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे.

हॉटेलाने पुष्कळ सोसले. पहिल्या महायुद्धात तेथे ६०० खाटांचे रुग्णालय झाले. मधल्या काळात त्याला उतरती कळा लागली. १९७३ साली शेजारी उंच मनोरा उभा राहिला. शहराच्या बाजूचा जुना प्रवेश गेला, तेथे पोहण्याचा तलाव आला आणि लोक समुद्राच्या बाजूने आत जाऊ लागले. त्यानंतर आली २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. मी तेव्हा अगदी लहान होतो. आग लागलेला घुमट मी पुढे चित्रांतच पाहिला. दहशतवाद्यांनी माणसे मारली, वरच्या मजल्यांना आगी लावल्या. जुन्या लाकूडकामातून आग पसरली आणि ती विझवण्यासाठी मारलेले पाणी खालच्या मजल्यांत मुरले. घुमट मात्र उभा राहिला. त्या दिवसांत मेलेल्या ३१ जणांची नावे आज हॉटेलात कोरलेली आहेत.

नवा मनोरा महिन्याच्या आत, २१ डिसेंबर २००८ रोजी उघडला. जुन्या वास्तूला एकवीस महिने लागले. ती १५ ऑगस्ट २०१० रोजी उघडली आणि खर्च सुमारे १७५ कोटी रुपये झाला. या जीर्णोद्धाराचा विचार मी पुष्कळ केला. जळालेले पाडून त्याच जागी नवे, अधिक खोल्यांचे, अधिक नफ्याचे काही बांधणे सोपे होते. तसे केले नाही. जे टिकले होते ते साफ केले, जे मोडले होते ते सांधले आणि जे राख झाले ते नव्याने घडवले. जिना तोच, कमानी त्याच, घुमट तोच. नळ, तारा, थंड हवेची यंत्रे ही आजची. पण ती भिंतीआड. आमच्याकडे पावसाळ्याआधी घर शाकारतात तेव्हा फुटकी कवेलू काढून नवी घालतात, कुजलेला वासा बदलतात. पण घर मात्र आजोबांचेच राहते. कोणी त्याला नवे घर म्हणत नाही. तसेच हे. फरक पैशाचा!

नागपूरची गिरणी एवढी भाग्यवान ठरली नाही. खरे तर जमशेटजींच्या साऱ्या उद्योगाचे मूळ ती. हॉटेलाला लागलेला पैसा तिच्यासारख्या गिरण्यांतल्या चात्यांवर कातला गेला होता. १९८६ साली ती सरकारच्या ताब्यात गेली आणि २००२ साली कायमची बंद पडली. आज त्या जागेवर मोठा मॉल आहे. नाव तेवढे एम्प्रेस राहिले आहे. नागपूरला जातो तेव्हा आमची मुले तेथे सरकत्या जिन्यावर चढायला हमखास जातात. मीही गेलो आहे. हजारो माणसांनी पिढ्यान् पिढ्या ज्या दारातून पाळीला जावे, त्या दाराचा जीर्णोद्धार करावासा कोणाला वाटला नाही. राजेमहाराजे जेथे उतरले ते जपले, कामगार जेथे घाम गाळत होते ते गेले, असे कोणी म्हटले तर ते मला खोडून काढता येणार नाही. तरीही हॉटेल जपले याचे मला वाईट वाटत नाही. गिरणी जपली नाही याचे वाटते.

आणि चांद्याचे लोखंड? जमशेटजींच्या माणसांना जे पुरेसे सापडले नाही, ते आज सूरजागडच्या डोंगरातून निघते आहे. २०१६ पासून तेथे उत्खनन सुरू झाले. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला लोखंडाचा कारखानाही आला. लाल धुळीचे ट्रक एटापल्ली-आलापल्लीच्या रस्त्याने जातात. आमच्या भागातल्या काही मुलांना त्यात नोकऱ्या लागल्या, हे मी नाकारत नाही. पण तो डोंगर ठाकूरदेवाचा आहे. दर जानेवारीत तेथे यात्रा भरते आणि लांबलांबच्या पाड्यांतून माडिया माणसे पायी येतात. हॉटेल जळाले तर त्याचे आराखडे, चित्रे, कारागीर, पैसा, सारे काही असते. डोंगराचा आराखडा कोणाजवळ आहे?

सहलीहून परतलो आणि थोड्याच दिवसांनी ही यात्रा होती, म्हणून गावी गेलो. वाटेने चालताना बाबांनी मुंबईत काय पाहिले ते विचारले. मी हॉटेलाविषयी सांगितले. ते कसे जळाले आणि पुन्हा कसे केले तेही सांगितले. बाबांनी एवढेच विचारले की, खांब जुनेच आहेत की बदलले? घर जुने की नवे हे आमच्याकडे खांबांवरून ठरते. निदान दहा खांब तरी जुनेच आहेत, लोखंडाचे आहेत, म्हणून मी सांगितले. लोखंड कुठले, असे त्यांनी विचारले. पॅरिसहून आणलेले, असे मी म्हणालो. पॅरिस कुठे आले ते त्यांना सांगू लागलो तेवढ्यात मागून ट्रक आला. आम्ही रस्त्याच्या कडेला उतरलो आणि धूळ खाली बसेपर्यंत उभे राहिलो.